वाघाच्या विष्ठेचे नमुने आणि अडलेलं पत्र: माझा अनुभव

वाघाची विष्ठा हुडकणारा कुत्रा तयार करताना सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो वनखात्याच्या एका पत्राने. कुत्र्याची निवड, बक्षीस म्हणून चेंडूची गोडी, वास सापडला की बसून इशारा देणं, सगळं सुरळीत झालं. संशोधनाची परवानगीही हातात होती. पण तिच्यात ‘विष्ठा गोळा करून डीएनए तपासणीसाठी पाठवणे’ एवढंच होतं. प्रशिक्षणासाठी जवळ ठेवण्याबद्दल अवाक्षर नाही. त्या एका ओळीसाठी फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. आधी साहेब दौऱ्यावर, मग वणव्याचा हंगाम, मग बुद्धपौर्णिमेच्या रात्रीची मचाणावरची प्राणिगणना. उत्तर ठरलेलं: ‘वरून मार्गदर्शन मागवलंय.’

यात प्रशिक्षणाचं खरं नुकसान होतं. तोवर हाताशी असते ती प्राणिसंग्रहालयातली विष्ठा. पिंजऱ्यातला वाघ आयतं मांस खातो. रानातल्या विष्ठेत चितळाचे, रानडुकराचे केस आणि हाडांचे तुकडे असतात. एक-दोन वाघांवरच शिकवलं तर कुत्रा तेवढेच वाघ ओळखतो आणि जंगलात घुटमळतो. नमुने वेगवेगळ्या वाघांचे, ताजे आणि जुनेही हवेत.

म्हणून अर्जातच लिहा: गोळा करणे, बाळगणे, वाहतूक आणि शेवटी नष्ट करणे. फ्रीझर कुठे, कुलूप कोणाकडे, तेही. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 ची परवानगी लागतेच. तिच्यात कुत्र्याचा उल्लेख करून घ्या, नाहीतर गेटवर अडवतील. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.

नमुना उचलताना दर वेळी नवा हातमोजा. अल्कोहोलमधला नमुना डीएनएला चालतो, कुत्र्याला नाही. सरावाच्या रिकाम्या डब्यांतही तशाच कोऱ्या हातमोज्याचा तुकडा टाका, नाहीतर कुत्रा रबरच शोधत बसतो. काही डब्यांत बिबट्याची आणि गावकुत्र्याची विष्ठा ठेवा, म्हणजे कुत्रा ती सोडून द्यायला शिकतो. नमुना लपवणारा एक, कुत्रा फिरवणारा दुसरा. फिरवणाऱ्याला जागा माहीत असली की त्याची पावलं तिथे मंदावतात, आणि कुत्रा नेमकं तेच टिपतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात काम पहाटेच. धापा टाकणारा कुत्रा तोंडाने श्वास घेतो, हुंगत नाही. पांदणीवर वारा समोरून येईल असं चाला. पावसात विष्ठा धुऊन जाते, उरलेली शेणकिडे नेतात.

आणि हो, रेबीज-डिस्टेंपरच्या लसींचं कार्ड अर्जालाच जोडा. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार वाघालाही होतो, त्यामुळे ती अट रास्तच आहे. पण कागदपत्रांच्या यादीत ती नव्हती आणि आमच्या फाइलवर शेवटचा शेरा तिच्यावरच पडला.