तबकडीचा सूर आणि चित्रपटाचा सूर: पावसाळ्यातली नोंद

जूनमध्ये हाती घेतलेल्या 31 जुन्या ग्रामोफोन तबकड्यांपैकी (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) 22 धुऊन, ऐकून संगणकावर उतरवून झाल्या. त्यांतल्या 14 मात्र मला पुन्हा उतरवायच्या आहेत. का, ते सविस्तर लिहिते. तुमच्यापैकी जे जुन्या बोलपटांची गाणी तबकडी आणि चित्रपट अशी दोन्हीकडून ऐकतात, त्यांची मेहनत त्यामुळे वाचेल.

धुण्याबद्दल नवीन फारसं नाही. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, आणि लेबल कोरडं. स्पिरिटचा बोळा चुकूनही फिरवू नका. या तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुई 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावली. एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचेच्या तबकड्यांची, सुई या रुंद खाचेत अगदी तळाशी जाऊन खडखडते. आवाज मोनो (डावा-उजवा एकत्र) करून घेतला की निम्मा खरखराट तिथेच कमी होतो, कारण गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं आणि वरखाली होणारी धूळ-ओरखड्यांची कुरकुर मोनोत बरीचशी कटते.

आता मुख्य गोष्ट. बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’, साल 1936. ‘मैं बन की चिड़िया’ हे गाणं तबकडीवर ऐकलं आणि मग घरातल्या जुन्या व्हीसीडीवर. पट्टी जुळेना. चित्रपटातलं गाणं चढं होतं. आजोबांची पेटी काढून बसले, तर फरक पुढच्या पट्टीपर्यंत पोचत नव्हता, पण पाऊण वाट नक्की चालून गेला होता. माझा समज असा, की चित्रपट म्हणजे मूळ आणि तबकडी फिरवण्यात गडबड. म्हणून टर्नटेबलचा वेग वाढवत नेला. मिनिटाला 81 फेऱ्यांच्या थोडं पुढे दोन्ही सूर एकमेकांवर बसले. मला इतका आनंद झाला की त्याच पद्धतीने आणखी 13 तबकड्या ‘दुरुस्त’ करून टाकल्या.

शंका आली ती गाण्यामुळे नाही, बोलण्यामुळे. नायक अशोक कुमारांचा बोलण्याचा आवाज आपल्या सगळ्यांच्या कानात पक्का आहे. व्हीसीडीवर तो बारीक वाटत होता. तेव्हा ते पंचविशीच्या आतले होते, म्हणून आवाज कोवळा असणार, असं मी धरून चालले होते. पण नायिका देविका राणींचाही आवाज तसाच, आणि बाकीच्या पात्रांचाही. सगळं गावच कोवळं कसं असेल?

मग हिशोब मांडला. बोलपट चालतो सेकंदाला 24 चौकटींनी. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत 25 ची. चित्रपट टीव्हीसाठी उतरवताना सोपा मार्ग म्हणून तो सरळ 25 ने चालवत. म्हणजे वेग सुमारे 4 टक्क्यांनी जास्त, आणि आवाजाची पट्टीही तेवढीच वर. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत साधारण 6 टक्क्यांचं अंतर असतं. पाऊण वाट म्हणतात ती हीच. 78 ला 25 ने गुणून 24 ने भागा, 81.25 येतात. माझा काटा बरोबर तिथेच थांबला होता! तबकडी मुळात ठीक होती. मी तिला व्हीसीडीच्या चुकीशी जुळवत बसले होते.

घरी पडताळायचं असेल तर कालावधी बघा. अडीच तासांचा चित्रपट अशा प्रतीत 6 मिनिटं आधी संपतो.

आता तबकडीचा वेग मी सूर बघून ठरवत नाही. कागदी स्ट्रोब चकती (कडेला समान अंतरावर रेघा असलेली) तबकडीवर ठेवून वापरते. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. चकतीवर 77 रेघा असतील तर त्या मिनिटाला 77.92 फेऱ्यांना जागच्या जागी उभ्या दिसतात. एलईडीखाली मला त्या स्थिर दिसल्या नाहीत. चोकवाली जुनी ट्यूबलाइट माळ्यावरून काढून लावली तेव्हा कुठे काम झालं. पेटीवर विसंबून राहू नये याचं आणखी एक कारण म्हणजे 1936 च्या स्टुडिओतली पेटी आजच्या 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेली होती, असं धरायला काही आधार नाही. सूर पट्टीवर नेमका बसला म्हणजे वेग बरोबर, हे खरं नव्हे.

नव्या वेगाने ‘चिड़िया’ परवा रात्री ऐकली. संगीतकार सरस्वती देवींची ती साधी चाल, आणि अशोक कुमार व देविका राणी या दोन न-गायकांचे किंचित बिचकते, पण मनापासून लावलेले आवाज. वेग उतरल्यावर अशोक कुमारांच्या आवाजात जी गोलाई आली, ती मी इतकी वर्षं ऐकलीच नव्हती. सलग चार वेळा लावली.

मात्र प्रत्येक फरक वेगाचाच असतो असं समजू नका. त्या दशकात तबकडीसाठी गाणं बहुधा पुन्हा गायलं जाई. न्यू थिएटर्सच्या ‘स्ट्रीट सिंगर’मधलं (1938) ‘बाबुल मोरा’ सैगलसाहेबांनी कॅमेऱ्यासमोर रस्त्याने चालता चालता प्रत्यक्ष गायलं. माइक त्यांच्याबरोबर सरकत होता. भैरवीतलं तसं गाणं तबकडीशी ताडून बघताना मी वेगाला हात लावणार नाही. ओळखायची खूण सोपी आहे. वेगाची चूक असेल तर लय आणि पट्टी एकाच प्रमाणात सरकतात, आणि आगेमागे असलेलं बोलणंही सरकतं. गाणंच पुन्हा गायलेलं असेल तर हे प्रमाण जुळत नाही, जागा आणि श्वासही वेगळे पडतात.

वहीत आता दोन रकाने वाढवलेत: ‘प्रत 24 की 25’ आणि ‘लेबलवरचं नाव’. दुसरा रकाना ‘महल’मुळे (1949) आला. ‘आएगा आनेवाला’च्या सुरुवातीच्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, गायिका म्हणून मधुबालेच्या पात्राचं नाव छापलेलं, कामिनी. अशी लेबलं असतील त्यांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. लेबलाचा कागद तबकडीच्या आधी जातो.

14 पैकी 3 तबकड्या पुन्हा उतरवून झाल्या. उरलेल्या 11 गणपतीनंतर, कारण तोवर माळ्यावरची ट्यूबलाइट मखरापाशी लागणार आहे.