डोसचं गणित शिकवताना: माझा अनुभव

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला डोसचं गणित शिकवायला घेतलं की पहिले दोन तास मी फळ्यावर एकही सूत्र लिहीत नाही. टेबलावर रिकाम्या व्हायल (इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटल्या), अँप्युल (तोडून उघडायच्या काचेच्या कुप्या), सिरपच्या बाटल्या मांडते आणि फक्त लेबलं वाचायला लावते. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: औषध किती, ते किती मि.ली.मध्ये, आणि सगळ्या बाटलीत मिळून किती. हेपरिनच्या काही व्हायलवर '५,००० युनिट प्रति मि.ली.' आणि '५ मि.ली.' असं दोन्ही छापलेलं असतं. म्हणजे आत २५,००० युनिट आहेत. पण ५,००० हा आकडा ठळक असल्यामुळे व्हायलमध्ये एकूण तेवढंच आहे असं वाटतं, आणि मग पुढचा गुणाकार कितीही चोख केला तरी डोस पाचपट जातो. गुणाकार-भागाकारात चुकणारे विद्यार्थी मला फार भेटत नाहीत. गणित मांडण्याआधीच चुकलेले भरपूर भेटतात.

याच तासाला पॅरासिटामॉल घेते. १२ किलोचं मूल, ऑर्डर (डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस) किलोमागे १५ मि.ग्रॅ., म्हणजे १८० मि.ग्रॅ. आता ५ मि.ली.ला १२५ मि.ग्रॅ.चं सिरप असेल तर ७.२ मि.ली. लागतं, ५ मि.ली.ला २५० मि.ग्रॅ.चं असेल तर ३.६, आणि १ मि.ली.ला १०० मि.ग्रॅ.चे ड्रॉप्स असतील तर १.८. औषध एक, डोस एक, उत्तरं तीन. 'पॅरासिटामॉल ७ मि.ली.' एवढीच ऑर्डर का चालत नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

त्यानंतर एककं. ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम, दर पायरीला १,०००. दशांश चिन्ह तीन घरं सरकवायचं हे सगळ्यांना पाठ असतं. कुठल्या बाजूला, इथे घोळ होतो. म्हणून एकच वाक्य घोकून घेते: एकक लहान झालं की आकडा मोठा होतो. डिगॉक्सिनची गोळी ०.२५ मि.ग्रॅ.ची आहे आणि ऑर्डर १२५ मायक्रोग्रॅमची. एककं न जुळवता भागाकार केला तर १२५ भागिले ०.२५, उत्तर ५०० गोळ्या! वर्गात हसू येतं, पण कॅल्क्युलेटर हे उत्तर निमूटपणे देतो. ०.२५ मि.ग्रॅ. म्हणजे २५० मायक्रोग्रॅम, म्हणून अर्धी गोळी.

लिहिण्याचे नियमही इथेच. ०.५ लिहिताना टिंबाआधीचं शून्य हवंच, नाहीतर टिंब पुसट झालं की ५ वाचलं जातं. ५ लिहायचं असेल तर ५.० नाही, त्याचे ५० होतात. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा. नुसतं इंग्रजी 'यू' अक्षर शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. वहीत हे नियम मोडले तर उत्तर बरोबर असूनही मी गुण कापते. यावर कुरकुर होते, ती होऊ देते.

आता पद्धत. 'हवा तो डोस भागिले हातातला डोस, गुणिले मि.ली.' हे सूत्र सगळीकडे शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण घाईत अंश आणि छेद उलटे होतात. शाळेतली एकमान पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. जेंटामायसिन २ मि.ली.मध्ये ८० मि.ग्रॅ., ऑर्डर ६० मि.ग्रॅ. २ मि.ली.त ८०, तर १ मि.ली.त ४०; ६० साठी ६० भागिले ४०, म्हणजे १.५ मि.ली. सूत्र उलटं बसवलं तर २.६७ येतं. त्यासाठी आकडेमोडीआधी एक ओळ अंदाजाची लिहून घेते: '८० पेक्षा कमी हवं, म्हणजे २ मि.ली.पेक्षा कमी येणार.' अंदाजाची ओळ नसेल तर वही तपासत नाही. उत्तर दोन-तीन गोळ्यांच्या किंवा अँप्युलच्या पुढे गेलं की थांबून पुन्हा ऑर्डर वाचायची, हाही त्यातलाच भाग.

टक्के आणि गुणोत्तरं पटकन उरकतात. १ टक्का म्हणजे १०० मि.ली.त १ ग्रॅम, म्हणून टक्क्याला १० ने गुणलं की मि.ली.मागे मि.ग्रॅ. मिळतात, २ टक्के लिग्नोकेन म्हणजे २० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. अॅड्रेनालिनला मात्र थांबावं लागतं. १:१,००० म्हणजे मि.ली.ला १ मि.ग्रॅ., १:१०,००० म्हणजे ०.१ मि.ग्रॅ. मोठा आकडा दिसला की औषध जास्त कडक वाटतं, प्रत्यक्षात ते दहापट पातळ असतं.

पावडरच्या व्हायलमध्ये एक छुपी गोष्ट असते: पावडरही जागा व्यापते. सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅममध्ये ९.६ मि.ली. पाणी घातलं की सुमारे १० मि.ली. द्रावण होतं, मि.ली.ला १०० मि.ग्रॅ. सरळ १० मि.ली. घातलं तर ते १०.४ च्या आसपास जातं आणि मि.ली.ला ९६ मि.ग्रॅ. उरतं. पूर्ण व्हायल द्यायची असेल तर फरक पडत नाही. लहान बाळाला त्यातला थोडाच भाग द्यायचा असेल तर पडतो. किती पाणी घालायचं ते पाकिटातल्या कागदावर असतं, अंदाजाने ठरवायचं नाही.

इन्सुलिनच्या बाबतीत मी गणित करूच देत नाही. ४० युनिट प्रति मि.ली.ची व्हायल असेल तर ४० ची सिरिंज, १०० ची असेल तर १०० ची. लाल टोपण ४० चं, नारिंगी १०० चं, तरी नळीवरचा आकडा वाचायचाच. चुकीची जोडी काय करते ते मात्र रंगीत पाण्याने करून दाखवते. ४० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे ०.५ मि.ली. त्यात १०० ची व्हायल ओढली तर २० च्या जागी ५० युनिट जातात. उलट जोडीत ०.२ मि.ली. येतं, म्हणजे फक्त ८ युनिट.

सलाईनच्या थेंबांना सूत्र एकच: मि.ली. गुणिले सेटचे थेंब (त्या नळीच्या सेटमधून १ मि.ली.ला पडणारे), भागिले मिनिटं. ५०० मि.ली. ४ तासांत, २० थेंबांचा सेट: १०,००० भागिले २४०, म्हणजे ४१.७, म्हणून मिनिटाला ४२. मिनिटांऐवजी तास घातले की २,५०० येतं. सेट १० चा, १५ चा की २० चा हे पाकिटावर पाहायचं. मायक्रो सेट ६० चा असतो आणि त्यात तासाचे मि.ली. हेच मिनिटाचे थेंब. पेशंटने हात वाकवला किंवा बाटलीची उंची बदलली की वेग बदलतो, त्यामुळे थेंब पुन्हा मोजायचे, तेही पूर्ण मिनिटभर.

सर्वांत जास्त वेळ खातो तो सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरावीक वेगाने सोडणारं यंत्र. डोपामिन, ६० किलोचा पेशंट, किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम. तयारी: २०० मि.ग्रॅ.चं ५ मि.ली. अँप्युल आणि ४५ मि.ली. सलाईन, मिळून ५०. मि.ली.ला ४ मि.ग्रॅ., म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. गरज ५ × ६० किलो × ६० मिनिटं = तासाला १८,००० मायक्रोग्रॅम. भागिले ४,०००, म्हणजे तासाला ४.५ मि.ली. इथे दोन ६० एकत्र येतात आणि एक सुटतोच, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. दुसरी चूक मिसळताना होते: ५० मि.ली. सलाईनमध्ये ५ मि.ली. वाढवलं की एकूण ५५ होतात आणि पंप ४.५ वर असूनही पेशंटला डोस कमी जातो.

उत्तर आलं तरी ते सिरिंजवर दिसलं पाहिजे. १० मि.ली.च्या सिरिंजवर रेघा अर्ध्या मि.ली.च्या असतील तर ७.२ ओढता येत नाही. १ मि.ली.च्या आतलं उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत आणि १ मि.ली.च्या सिरिंजमध्ये, त्यावरचं एक दशांश स्थळापर्यंत. वाचायचं दट्ट्याच्या रबराच्या वरच्या कडेला, मधल्या उंचवट्याला नाही.

शेवटची परीक्षा वहीत नाही, ट्रेवर होते: लेबल, ऑर्डर, रंगीत पाणी, सिरिंज. दोघांनी एकमेकांचं उत्तर न बघता गणित करायचं आणि मगच ताडून पाहायचं. पहिल्याचा कागद बघून मान डोलावली तर ती तपासणी धरत नाही. दहापैकी दहा बरोबर आले तरच पास. दहातली एक ऑर्डर मी मुद्दाम दहापट लिहिलेली असते. तिथे गणित बरोबर करून सिरिंज भरली तर नापास. 'हे देणार नाही, डॉक्टरांना विचारते' असं लिहिलं तर पूर्ण गुण.