फ्लॅश गेले, आमचे धडे टिकले : आमची वाटचाल

दूरशिक्षणासाठी परस्परसंवादी धडे करायचे, एवढेच काम आम्ही पहिल्यापासून धरले. घरी एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याने काहीतरी ओढावे, जोडावे, चुकावे आणि का चुकले ते तिथल्या तिथे कळावे.

सुरुवातीला मी आणि माझा भागीदार, दोघेच. धडे फ्लॅशमध्ये व्हायचे, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती, परस्परसंवादी चित्रे चालवणाऱ्या ॲडोबीच्या तंत्रात. स्टोरीबोर्ड, म्हणजे धड्याचा दृश्यवार आराखडा, मी लिहायचो; ॲक्शनस्क्रिप्ट, म्हणजे फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा, तो. त्याच्या फ्लॅश फाइलच्या टाइमलाइनवर एकही लेअर (चित्राचा थर) बिननावाचा सापडायचा नाही. विद्युतमंडलाचा आमचा धडा त्याच्या हातचा. तारा माउसने ओढून जोडायच्या. जोडणी चुकली की दिवा नुसता बंद राहत नसे, प्रवाह नेमका कुठे अडला ते दिसे. तसा धडा त्यानंतर मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. पुढची काही वर्षे काम बरे चालले.

मग जुलै २०१७ मध्ये ॲडोबीने जाहीर केले की २०२० अखेर फ्लॅश बंद. आमची सगळी पुंजी फ्लॅशमध्ये. आयफोनवर ते कधी चाललेच नव्हते, त्यामुळे ग्राहक आधीच कुरकुरत होते. नेमकी हीच वेळ साधून एक मोठी कंपनी आमच्या ग्राहकांकडे गेली. ‘सगळे धडे निम्म्या खर्चात बदलून देतो,’ म्हणाली. आणि केले काय? आमच्या धड्यांचे स्क्रीन रेकॉर्डिंग! तार ओढणार त्यांचा माणूस, विद्यार्थी नुसता बघणार. खाली ‘पुढे’चे बटण लावले आणि त्यालाच इंटरॅक्टिव्ह म्हणून खपवले. मोठे ग्राहक एकामागून एक तिकडे वळले. पगार थकले, भागीदाराला नोकरी धरावी लागली. तो सल अजून गेलेला नाही.

एका अभ्यासक्रमाच्या समन्वयक मॅडम मात्र हलल्या नाहीत. ते रेकॉर्डिंग त्यांनी पाहिले आणि मला फोन केला, “सर, यातला दिवा माझ्या विद्यार्थ्याने लावलेलाच नाही. तुम्हीच पुन्हा करा.” निम्मी रक्कम त्यांनी आगाऊ दिली. आज आम्ही उभे आहोत ते त्या फोनमुळे.

फ्लॅशच्या जुन्या मूळ फाइली (एफएलए) उघडल्या. चित्रे बाहेर काढता आली, पण धडा चालवणारा तर्क सगळा जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझर थेट चालवतो त्या भाषेत, नव्याने लिहावा लागला. भागीदाराची लेअरना नावे देण्याची शिस्त तेव्हा कामाला आली. जोड्या लावा, व्हिडिओमध्ये थांबून प्रश्न, असले प्रकार एचफाइव्हपी या परस्परसंवादी धडे बनवण्याच्या साधनावर नेले. ते मुक्त स्रोत आहे आणि मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालीत सरळ बसते. प्रयोग मात्र हातानेच लिहिले. खरी कसोटी होती स्कॉर्म १.२ ची, म्हणजे धडा आणि शिकवण्याची प्रणाली यांनी एकमेकांशी माहिती कशी द्यायची-घ्यायची हे ठरवणाऱ्या मानकाची. विद्यार्थी कुठवर आला हे साठवायला त्यात ४०९६ अक्षरांचीच जागा. नेट गेले की अर्धा झालेला प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायला लावला, तर दूर बसलेला विद्यार्थी परत येत नाही. म्हणून सगळे मंडल न साठवता फक्त बदललेल्या जोडण्या साठवल्या. जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅश प्लेअरने मजकूर अडवायला सुरुवात केली, तेव्हा मॅडमचा एकही धडा बंद पडला नाही.

या धंद्यात नवे येणाऱ्यांना सांगतो. चुकीचे पर्याय मनाने रचू नका. जुन्या स्वाध्यायांत विद्यार्थी जे खरेच चुकतात तेच पर्याय घ्या. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच प्रतिसाद देणार असाल तर प्रश्न विचारूच नका. जे ओढता येते ते नुसत्या क्लिकनेही करता आले पाहिजे. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या मार्गदर्शक निकषांत, ही अट आली, आम्ही ती आधीपासून पाळत होतो. हात थरथरणाराही शिकायलाच आलेला असतो.

आणि धडे करून घेणाऱ्यांनी करारात स्रोत फाइली लिहून घ्याव्यात. आम्ही त्या न मागता देतो. त्या कंपनीकडे गेलेले काही ग्राहक आता परत आले आहेत. त्यांच्याकडे रेकॉर्डिंगशिवाय काही नाही, पण आमच्या मूळ फाइली जपलेल्या आहेत. त्यांचे धडे त्यांवरूनच नव्याने करतो आहोत, आणि विद्युतमंडलाच्या धड्यापासून सुरुवात केली आहे.