गच्चीचे दार कोणत्या बाजूला उघडते?

फोंड्यातील आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर गेल्या माघात सत्यनारायणाची पूजा झाली आणि महाप्रसादाला सुमारे सव्वाशे माणसे आली. पाण्याचा नळ दाराजवळ असल्याने आचाऱ्याने शेगडी आणि सिलिंडरही तिथेच मांडले होते. पुऱ्या तळताना कढईतील तेलाने पेट घेतला. आचाऱ्याने गॅस बंद करून प्रसंगावधानाने कढईवर परात झाकली, म्हणून आग विझली. परंतु त्या अर्ध्या मिनिटात सगळी माणसे जिन्याकडे धावली आणि दाराशी जे घडले ते मी अजून विसरू शकलेलो नाही.

पावसाचे पाणी जिन्यात शिरू नये म्हणून आमचे दार गच्चीच्या बाजूला उघडते, आणि त्याच कारणासाठी खाली वीतभर उंच उंबरठा बांधलेला आहे. वाऱ्याने आदळू नये म्हणून ते लोटून ठेवले होते. पुढच्या माणसाला दार आपल्याकडे ओढायचे होते आणि मागची माणसे त्याला दारावरच रेटत होती. कसेबसे दार उघडल्यावर शेजारच्या आजी उंबरठ्याला अडखळल्या आणि पलीकडे पडलेल्या चपलांच्या ढिगावर कोसळल्या. खरचटण्यावर निभावले, हे आमचे नशीब.

त्यानंतर मी राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा अग्निसुरक्षेविषयीचा चौथा भाग वाचून काढला. त्यात जिन्याची रुंदी माणशी १० मिलिमीटर धरतात. म्हणजे आमच्या सव्वाशे माणसांसाठी १२५० मिलिमीटर रुंदी हवी होती. आमचा जिना १००० मिलिमीटरचा आहे आणि तो एकच आहे. मोठ्या जमावाला एकमेकांपासून दूर असलेल्या किमान दोन वाटा हव्यात, कारण एकीच्या तोंडाशीच आग असेल तर दुसरी उरली पाहिजे. आमची शेगडी नेमकी त्या एकुलत्या एका वाटेच्या तोंडाशी होती. गच्चीवर किती माणसे मावतात हे स्लॅब पाहून ठरवायचे नसते, ते जिना पाहून ठरवायचे असते, हे मला तेव्हा प्रथमच उमगले.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. गळतीला कंटाळून आपण गच्चीवर पत्रे घालतो, कडेने ताडपत्री सोडतो, आणि खाणावळी तर माडाच्या झावळ्यांनी शाकारतात. उघड्या गच्चीवर धूर आकाशात निघून जातो, परंतु छप्पर घातले की तो त्याखाली साचून खाली उतरू लागतो आणि गच्चीची खोली होते; झावळ्या तर स्वतःच पेटतात. मुंबईत कमला मिल्स आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ रोजी आग लागली तेव्हा १४ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील अनेकजण स्वच्छतागृहात गुदमरले. बाहेर पडण्याची वाट सापडली नाही, की माणूस अशाच बंद जागेत आसरा घेतो. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथील नाईटक्लबच्या आगीत २५ जण गेले. तिथे गच्ची नव्हती, धूर मात्र तोच होता.

खालच्या मजल्यावर आग लागली तर जिना धुराड्यासारखा धूर वर खेचतो, म्हणून वरच्यांना तो वापरता येईलच असे नाही आणि लिफ्ट तर वापरायचीच नसते. अशा वेळी खालून वर पळालेल्या माणसाला गच्चीच्या दाराला कुलूप आढळले, तर त्याची अवस्था काय होईल? आमच्या संस्थेत चोरीच्या भीतीने कुलूप असे आणि किल्ली सचिवांच्या घरी. यावर बैठकीत वादही झाला. चोरीची भीती खरी आहे, हे मलाही मान्य आहे.

शेवटी कुलूप काढून जिन्याच्या बाजूने दाबताच उघडणारी आडवी दांडी बसवली. कार्यक्रम असताना दार पूर्ण उघडून भिंतीच्या आकड्यात अडकवायचे, चपला तळमजल्यावर काढायच्या, शेगडी दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ठेवायची आणि एका वेळी पन्नासहून अधिक माणसे वर न्यायची नाहीत, असे ठरले. उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी उतार करून घेतला आहे. दुसऱ्या जिन्यासाठी मागच्या अंगणाची जागा अभियंत्याने मोजून नेली असून त्याच्या आराखड्याची आम्ही वाट पाहत आहोत.