कानाआधी मानेने निकाल दिला

आज दुपारभर मित्राकडे ठाण मांडून बसलो होतो. निमित्त त्याचे हेडफोन. टेबलावर सेनहायझर एचडी ८०० एस आणि ऑडीझी एलसीडी-एक्स, शेजारी माझा जुना एचडी ६५०, गरीब नातेवाइकासारखा.

एलसीडी-एक्स हातात घेतला आणि पहिला विचार आला: हा डोक्यावर ठेवायचा? ६१२ ग्रॅम! प्लेनर मॅग्नेटिक, म्हणजे पातळ पडद्यालगत चुंबकांच्या रांगा. वजन तिथेच वाढतं. बांधणी मात्र दणकट. धातूचे कप, जाड मऊ गाद्या. तानपुऱ्याचा खर्ज असा भरून आला की पहिली वीस मिनिटं मी गप्प. मग मान बोलायला लागली. त्यात ऑक्टोबरचा उकाडा, गादीखाली घामाची धार, आणि चष्म्याची काडी कानामागे रुतलेली.

एचडी ८०० एस ३३० ग्रॅम. कप एवढे मोठे की कान कशालाच टेकत नाही, गाद्या कापडी. तासाभराने चहा आला तेव्हा तो डोक्यावर आहे हे मी विसरलोच होतो. (मित्राची आई म्हणाली, "अरे, ते काढ आणि पोहे खा आधी!") पण हातात धरल्यावर प्लास्टिक जाणवतं, आणि एवढ्या पैशांत ते जरा खटकतंच.

घरी येऊन ६५० चढवला. २६० ग्रॅम. नवा होता तेव्हा कानशिलं चांगलीच आवळायचा, आता सैलावलाय. गाद्या दोनदा बदलल्या, वायर एकदा. सगळं घरच्या घरी, हातानेच. खर्च टळला म्हणून बायको खूश आहे. मी तिला एलसीडी-एक्सची किंमत सांगितलेली नाही.