हनुक्काला का बोलावत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

डिसेंबर आला की कोणी ना कोणी विचारतंच. शेजारच्या काकू, ऑफिसातल्या मैत्रिणी, आता मुलीच्या वर्गातल्या आया. "हनुक्का म्हणजे तुमची दिवाळीच ना? आम्ही फराळाला बोलावतो, मग तुम्ही कधी बोलावणार?" आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आणि हनुक्का हा ज्यूंचा दिव्यांचा सण. आडनावाच्या शेवटी 'कर', घरात मराठी, आणि हा एक सण तेवढा दार लावून. खटकत असणार, कळतं मला.

नेहमीचं उत्तर असं, की हनुक्काला फराळ नसतो, सुट्टी नसते. योम किप्पूर, पेसाह अशा आमच्या मोठ्या सणांपुढे हा लहानसा सण. हिब्रू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या 25 तारखेपासून आठ रात्री, पहिल्या रात्री एक आणि मग रोज एक वाढवत दिवे लावायचे, आशीर्वाद म्हणायचा. आमच्याकडे ते आटोपलं की आई कुकर लावायला मोकळी. यात बघायला येण्यासारखं काय आहे?

उत्तर खोटं नाही. पण मलिद्याला, म्हणजे आमच्या नवसाच्या विधीला, मी तुम्हाला बोलावतेच की. नवस फिटला, मूल पास झालं, की भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव. काकू तर ताट उचलायलाही मदत करतात. मलिदा बेने इस्रायलांचा, कोकणातला. त्यात आम्हाला तपासायला कोणी येत नाही. हनुक्काचं तसं नाही.

मी आठवीत असताना बाबांच्या ओळखीतून एक परदेशी पाहुणे घरी आले. ज्यूच. हनुक्काची चौथी रात्र होती. आमचा दिवा म्हणजे भिंतीला टांगलेली लाकडी फळी, तिच्यावर कड्यांत अडकवलेले काचेचे पेले, पेल्यात तळाला पाणी आणि वर खोबरेल. आजीने नवी नऊवारी नेसून स्वतः वाती लावल्या होत्या. पाहुण्यांनी दिवा निरखून पाहिला, छान हसले आणि बाबांना इंग्रजीत म्हणाले, की हा सण मुळात तुमच्या लोकांकडे नव्हताच ना? नंतर कोणीतरी येऊन शिकवला, असं मी वाचलंय.

आजीने विचारलं, "काय म्हणतात रे ते?"

"दिवा आवडला म्हणतात," बाबा म्हणाले.

आजी खूश. तिने त्यांच्या बशीत आणखी एक करंजी वाढली. (हो, करंजी. फराळ नसतो म्हणाले ना मघाशी? आजीला ते मान्य नव्हतं.) मला इंग्रजी कळत होतं. मी उठून गॅलरीत गेले आणि पाहुणे जाईपर्यंत आत आले नाही.

चीड आली ती पाहुण्यांची नाही, बाबांची. सांगायचं होतं ना त्यांना ठणकावून! पण काय सांगायचं होतं, ते आठवीतल्या त्या मुलीला आज विचारलं तर तिलाही सांगता येणार नाही. कारण पाहुणे चुकीचं बोलत नव्हते. आमच्यात मानतात, की गलबत फुटून आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले ते मक्काबी या ज्यू योद्ध्यांनी जेरुसलेमचं मंदिर पुन्हा मिळवण्याआधी. म्हणजे हनुक्काचं कारण घडायच्याही आधी. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. शनिवार होता, शमा ही प्रार्थना होती, हनुक्का नव्हता. तो पुढे कोचीनहून आणि इतरत्रून आलेल्या शिक्षकांबरोबर आला.

बाबांची बाजूही आता दिसते. त्यांचा मोठा भाऊ इस्रायलला गेला होता. तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, 1962 मध्ये फतवा काढला, की बेने इस्रायल माणसाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं तर आधी आईकडच्या पिढ्या तपासा. आंदोलनं झाली, 1964 मध्ये सरकारने आम्हाला पूर्ण ज्यू मानायला लावलं. 'पूर्ण' हा दाखला ज्याच्या घरात मागितला गेलाय, त्याने आपल्या आईसमोर आणखी एक तपासणी होऊ द्यायची का? पण मग आजीला इतकं हळवं कशाला समजायचं? ती कदाचित म्हणाली असती, माझ्या आजीने लावला, तेवढं मला पुरे.

इकडे तुम्ही कौतुकाने म्हणता, "भारतात तुम्हाला कधी त्रास झाला नाही." खरंच नाही झाला. पण त्यावर दर वेळी कृतज्ञ चेहरा करायचा कंटाळा येतो हो. तुमच्यात मी 'ज्यू असून मराठी', बाहेरच्या ज्यूंमध्ये 'भारतीय असून ज्यू'. आणि गंमत म्हणजे हनुक्का मलाही फारसा आतून भिडत नाही. मलिद्याला डोळ्यांत पाणी येतं, तसं इथे येत नाही. तरी बाहेरच्या कोणी तो माझा नाही म्हटलं की अंगाचा तिळपापड होतो. हे कसं जुळवायचं, मला कळलेलं नाही.

मुलगी यंदा मैत्रिणींना बोलवायचं म्हणतेय. येऊ देत. करंज्या विकतच्या असतील. सोबत आलेल्या कुणी आईने "हे तुमचं पूर्वीपासूनच ना?" असं विचारलं, तर खरं सांगायचं की "दिवा आवडला ना?" म्हणून विषय बदलायचा, ते मी अजून ठरवलेलं नाही.