फुटीचे दोन क्लब एकत्र करताना: माझा अनुभव

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, ट्रुगॅनिना, पॉइंट कुक या भागांत भारतातून आलेली कुटुंबं खूप आहेत. नव्या वसाहती झाल्या, शाळा आल्या, मग मैदानं आली. माझा मुलगा वर्गातल्या मित्रांचं बघून ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फुटीच्या (इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या) वर्गाला जायला लागला, तिथून ज्युनिअर संघात गेला, आणि मी क्लबच्या कमिटीत हिशेब बघायला लागले.

आमच्या क्लबकडे लहान मुलं भरपूर होती, पण मोठ्यांचा संघ काही उभा राहत नव्हता. शहराजवळच्या एका जुन्या क्लबचं नेमकं उलट होतं. मोठ्यांचा संघ होता, कप होते, आजोबा-वडील-मुलगा अशी खेळलेली घराणी होती. पण घरांच्या किमती चढल्या तशी तरुण कुटुंबं बाहेरच्या वसाहतींकडे सरकली आणि ज्युनिअरला मुलंच मिळेनात. त्यात त्यांच्या इमारतीत मुलींसाठी वेगळी चेंजरूम नव्हती. 2017मध्ये एएफएलडब्ल्यू ही महिलांची राष्ट्रीय फुटी लीग सुरू झाली, मुलींचे संघ वाढले, आणि जिथे नीट सोय नाही तिथे आईवडील मुलींना पाठवेनात. दोन्ही कमिट्यांनी शेवटी एकत्र यायचं ठरवलं. नवं मैदान आमचं, सीनिअर संघ त्यांचा, नाव आणि रंग अजून ठरायचे.

कायद्याचा भाग मला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला. व्हिक्टोरियात बहुतेक लहान क्लब नोंदणीकृत संस्था असतात, 2012च्या कायद्याखाली. विलीनीकरणासाठी दोन्ही संस्थांनी आपापल्या सभेत विशेष ठराव करावा लागतो. सभासदांना किमान 21 दिवस आधी नोटीस आणि झालेल्या मतांपैकी किमान 75 टक्के मतं बाजूने. मग रजिस्ट्रारकडे अर्ज. नवी संस्था नोंदली गेली की जुन्या दोन्हींची मालमत्ता आणि देणी तिच्याकडे येतात. लीगची मान्यता मात्र वेगळी. नवा क्लब कुठल्या डिव्हिजनमध्ये खेळणार हे लीग ठरवते, आणि खेळाडूंना त्याचीच सगळ्यात जास्त काळजी होती.

जुन्या क्लबची पहिली खुली सभा कठीण गेली. कायद्याबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. पहिला हात वर झाला आणि पहिला शब्द आला, ‘फिट्झरॉय’. मेलबर्नमध्ये विलीनीकरण म्हटलं की या जुन्या क्लबचं नाव निघतंच. फिट्झरॉयने 1966नंतर ब्रन्सविक स्ट्रीटचं आपलं मैदान सोडलं आणि मग प्रिन्सेस पार्क, जंक्शन ओव्हल, व्हिक्टोरिया पार्क, पुन्हा प्रिन्सेस पार्क, वेस्टर्न ओव्हल असा दुसऱ्यांच्या दारी फिरत राहिला. 1996च्या शेवटी तो ब्रिस्बेनच्या क्लबमध्ये विलीन झाला. हे सांगणाऱ्या गृहस्थांचा आवाज भरून आला होता. ‘मैदान गेलं तेव्हाच क्लब गेला, बाकीची तीस वर्षं नुसती वाट पाहिली,’ असं ते म्हणाले. सभेत कुणीच काही बोललं नाही.

त्यांचं म्हणणं मला पटलं आणि आजही पटतं. तरी मी उठून फिट्झरॉयचीच पुढची गोष्ट सांगितली, कारण ती आधीच वाचून गेले होते. 2009मध्ये फिट्झरॉय एका विद्यापीठाच्या हौशी क्लबबरोबर एकत्र येऊन पुन्हा खेळायला लागला, ब्रन्सविक स्ट्रीटच्याच मैदानावर. मेलबर्नचाच फुट्सक्रे क्लब 1997पासून वेस्टर्न बुलडॉग्ज झाला, सामने दुसरीकडे गेले, पण सराव अजून जुन्या मैदानावर, व्हिटन ओव्हलवरच आहे, आणि 2014पासून त्यांचा व्हीएफएल या खालच्या लीगमधला संघ पुन्हा फुट्सक्रे म्हणून उतरला. मैदान आणि नाव एकदम गेलं की माणसं तुटतात. एक तरी टिकलं तर येत राहतात, असं मला त्यावरून वाटलं होतं. त्या सभेनंतर आम्ही ठरावाचा मसुदा बदलला. जुन्या मैदानाचा हिवाळी मोसमाचा अर्ज चालू ठेवायचा आणि ज्युनिअरचे काही सामने तिथे खेळवायचे, हे कलम घातलं.

कौन्सिलला ते पटवायला वेळ गेला. इथली मैदानं कौन्सिलची असतात, क्लब मोसमापुरता भाडेकरू. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात फुटी. एका क्लबला दोन मैदानं का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेवटी जवळच्या शाळांतल्या मुलांची यादी दाखवली तेव्हा काम झालं.

जंपरवर, म्हणजे खेळाडूंच्या जर्सीवर, मात्र कल्पनेबाहेर वाद झाले. त्यांचे रंग लाल-काळे, आमचे निळे-पांढरे. चारही रंग घेतले तर जंपर ओंगळ दिसत होता, आणि लीगमध्ये दुसऱ्या कुणाशी साम्य नको ही अट होतीच. एका संध्याकाळी टेबलावर कापडाचे नमुने पसरले होते. त्यांच्या एका आजींनी लाल तुकडा उचलला, पन्नास वर्षांपूर्वी नवऱ्याच्या जंपरला स्वतः नंबर शिवला होता तोच हा लाल आहे का, म्हणून दिव्याखाली धरून पाहिला. तो नव्हता, नवा जरा केशरीकडे झुकत होता. आम्ही नमुना कपडेवाल्याला परत पाठवून गडद लाल आणवला. निळ्यावर लाल पट्टा आला, काळा गेला. ब्रिस्बेनच्या जंपरवर मागे ‘बीबीएफएफसी’ अशी दोन्ही जुन्या क्लबांची अक्षरं असतात, तसं आम्हीही कॉलरखाली दोघांची आद्याक्षरं घेतली. काळा रंग गेल्याचं दुःख काहींना आहे आणि ते असणारच.

ठराव दोन्हीकडे पाऊणपेक्षा बऱ्याच जास्त मतांनी मंजूर झाला. मग सामान हलवायचं. सोनेरी अक्षरांचे लाकडी ऑनर बोर्ड, त्यांवर वर्षावर्षाची नावं: अध्यक्ष, सेक्रेटरी, बेस्ट अँड फेअरेस्ट (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू), लाइफ मेंबर. गावातल्या गणेश मंडळाचे जुने फोटो जसे कार्यकर्ते कुणाला हात लावू देत नाहीत, तसं त्या बोर्डांचं होतं. जुन्या खेळाडूंनीच स्क्रू काढले, गाडीत घोंगड्या अंथरल्या. नव्या इमारतीत आर्किटेक्टने त्या भिंतीवर मोठा टीव्ही दाखवला होता. तो बाजूला सरकवला. नव्या बोर्डवर पहिलं वर्ष वरून सुरू करायचं की जुन्यांच्या खाली पुढे चालवायचं, यावर एक अख्खी मीटिंग झाली. आम्ही जुने दोन्ही बोर्ड जसेच्या तसे लावले आणि नवा मध्ये. दोन्हीकडचे लाइफ मेंबर नव्या घटनेत नावानिशी घेतले.

सध्या दारूचं लायसन्स अडकलंय, कारण ते जागेशी जोडलेलं असतं आणि नव्या इमारतीसाठी वेगळा अर्ज लागतो. सामन्यानंतरचा बार म्हणजे सीनिअर संघाच्या उत्पन्नाचा मोठा भाग, त्यामुळे हा अर्ज विलीनीकरणाच्या अर्जाबरोबरच द्या. आणि मैदान, रंग, लाइफ मेंबर या तिन्ही गोष्टी मतदानाआधीच मसुद्यात लिहून घ्या. आमचा मसुदा कुणाला हवा असेल तर नावं काढून आनंदाने पाठवेन.